दिलेला शब्द आणि केलेली सही

आपल्या ख्रिस्ती घरांत दिलेल्या शब्दाला मोठा मान आहे. पाडेल्याशी ठरलेली मजुरी असो, गवंड्याशी ठरलेला दर असो, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी असोत, एकदा 'होय' म्हटले की आपली माणसे सहसा मागे फिरत नाहीत. वाडवडिलांनी आपणांस दिलेली ही शिदोरी आहे आणि ती जपलीच पाहिजे. परंतु याच सद्गुणाचा आधार घेऊन कोणी आपणांस अशा करारात गुंतवले की ज्याचा भार पंचवीस वर्षे वाहावा लागेल, तर काय करावे? सही केली म्हणून मुकाट्याने सोसावे, की करार रद्द करण्याचा मार्ग शोधावा? या आठवड्यात याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आम्ही कल्पनेने उभा केलेला नाही. पेडणे तालुक्यातील एक मध्यमवयीन जोडपे काही काळापूर्वी आमच्याकडे आले होते. मुलगा तारवटी, वर्षातील बहुतेक महिने बोटीवर. एका दुकानात त्यांनी बक्षिसाची चिठ्ठी भरली होती. पुढे फोन आला, 'तुम्हांस भेटवस्तू लागली आहे, पतिपत्नींनी दोघांनीही मिळून यावे.' हॉटेलात उत्तम जेवण झाले, गोड बोलणे झाले, निरनिराळ्या थंड हवेच्या ठिकाणांची चित्रे दाखविण्यात आली. दोन तासांनंतर 'हा दर फक्त आजच्यापुरता' असे सांगून कागद पुढे ठेवण्यात आला. चार लाखांचा करार झाला, एक लाख तिथेच भरले, उरलेले हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. घरी आल्यावर दोघांचीही झोप उडाली. त्यांनी आम्हांस पैशाविषयी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "फादर, आम्ही सही केली आहे. आता मागे फिरलो तर पाप लागेल का?"

उत्तर देण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. हिला 'टाइमशेअर' म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांत ही पद्धत निघाली. सबंध घर विकत न घेता वर्षातील ठरावीक दिवस ते वापरण्याचा हक्क विकत घ्यावयाचा, ही तिची मूळ कल्पना. कल्पना वाईट नाही. आपल्या बागायतीत एकाच विहिरीचे पाणी भाऊबंद पाळीपाळीने घेतात, तसेच हे. भारतात स्टर्लिंग कंपनी १९८६ साली व महिंद्राची सुट्टी-कंपनी १९९६ साली निघाली, आणि आज अनेक कुटुंबे अशा सदस्यत्वाचा आनंदाने उपयोग करीत आहेत. सगळेच विक्रेते लबाड असतात असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

परंतु विहिरीची पाळी आणि ही पाळी यांत एक भेद आहे. विहीर आपल्या परसात असते. पाणी केव्हा मिळेल हे आपणांस ठाऊक असते. इथे खोली दूर असते आणि ती हवी त्या दिवशी मिळेलच असे नाही. नाताळात आणि मे महिन्यात सर्वांनाच सुट्टी हवी असते. म्हणून कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात, त्यांना रंगांची नावे देतात, आणि स्वस्त रंगाच्या सदस्यास गर्दीच्या दिवसांत जागा मिळत नाही. बहुतेक करारांत जमिनीची वा इमारतीची मालकी मिळत नाही. मिळतो तो केवळ वापरण्याचा हक्क. शिवाय दरवर्षी देखभालीची वेगळी रक्कम भरावी लागते, मग तुम्ही जा अथवा न जा, आणि ती कालांतराने वाढत जाते. प्रवासखर्च व जेवणखाण निराळेच.

१९९० नंतरच्या काळात कळंगुट-बागा किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांना खरवडून पाहण्याची बक्षीसपत्रे देऊन अशा विक्रीला नेत असत, हे बार्देशातील लोकांना आठवत असेल. तेव्हा आपण बाजूला उभे राहून पाहत होतो. आज दिवस पालटले आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. हरमल, मोरजी, मांद्रे येथील जमिनींना न ऐकलेले भाव आले. एखाद्या घरात जमिनीचे पैसे आले आहेत, एखाद्या घरात बोटीवरचा पगार येतो, कोणाची लेक विलायतेत नोकरीस आहे. पैसा आला की त्याच्या वासावर विक्रेताही येतो. पूर्वी आपण यजमान होतो; आता गिऱ्हाईक झालो आहो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शब्द पाळणे हे कर्तव्य आहे काय? निःसंशय आहे. ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवरणात वचने आणि करार कसोशीने पाळावेत असेच शिकवितो. परंतु त्याला तो एक अट जोडतो: करारात स्वीकारलेली जबाबदारी नीतीच्या दृष्टीने न्याय्य असली पाहिजे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी हेच तत्त्व मांडले. मालक व मजूर यांनी आपसांत काहीही ठरविले तरी त्या ठरावाहून जुना व श्रेष्ठ असा नैसर्गिक न्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा केवळ सही आहे एवढ्यावरून कोणताही करार पवित्र ठरत नाही. ती सही कशी मिळविली गेली, हेही पाहिले पाहिजे.

देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १८७२ सालच्या करार कायद्याच्या १९व्या कलमानुसार जबरदस्तीने, फसवणुकीने वा खोटी माहिती देऊन संमती मिळविली असेल, तर तसा करार रद्द करण्याचा अधिकार त्या फसलेल्या माणसास आहे. आणि जेथे फसवणूक झालेली नाही, परंतु करारातच 'अमुक दिवसांत रद्द करता येईल' असे कलम आहे, तेथे त्या कलमाचा उपयोग करणे म्हणजे शब्द मोडणे नव्हे. ते कलम हाही त्या शब्दाचाच भाग होय. कंपनीने ते लिहून दिले आहे. आपण ते वापरले तर कोणाचाही विश्वासघात होत नाही. म्हणून त्या जोडप्यास आम्ही सांगितले की यात पाप नाही. मात्र विलंब केलात तर नुकसान आहे. त्यांच्या कागदांत दहा दिवसांची मुदत होती आणि त्यांपैकी सहा दिवस उलटून गेले होते.

दुसरी एक गोष्ट मनाला अडविते. 'एक लाख भरून बसलो, आता सोडले तर ते बुडतील' असे वाटते, आणि ते लाख वाचविण्याच्या आशेने माणूस पुढचेही भरीत राहतो. येथे शांत चित्ताने हिशेब मांडला पाहिजे. चार लाखांपैकी तीन लाख द्यावयाचे राहिले आहेत. देखभालीचे वर्षास १८,००० रुपये धरले, आणि ते कधीच वाढणार नाहीत असे मानले, तरी पंचवीस वर्षांचे साडेचार लाख होतात. म्हणजे पुढे जावयाचे साडेसात लाख. तेव्हा खरा प्रश्न 'गेलेल्या एका लाखाचे काय' हा नसून 'जाऊ घातलेल्या साडेसात लाखांचे काय' हा आहे. गेलेला पैसा हा गेलेल्या पावसासारखा आहे. त्यावर पुढची पेरणी ठरत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावी. चार लाखांचे पंचवीस भाग केले तर वर्षास १६,००० येतात. त्यांत देखभालीचे १८,००० मिळविले की ३४,००० होतात. सात रात्री दरवर्षी खरोखर वापरल्या तर एका रात्रीस सुमारे ४,८५० रुपये पडतील. ज्या कुटुंबाला दरवर्षी सुट्टी घेणे शक्य आहे त्याला कदाचित हे परवडेल. पण तीन वर्षांतून एकदाच जाणे झाले, तर तीच रात्र साडेचौदा हजारांच्या घरात जाते. आता स्वतःस विचारावे: गेल्या पाच वर्षांत आपण सबंध आठवडाभर घर सोडून किती वेळा गेलो? गुरे कोण पाहील? काजूच्या हंगामात कोण जाईल? मुलगा बोटीवरून केव्हा येतो? आपले जीवन आहे तसे डोळ्यांसमोर ठेवून उत्तर द्यावे, हॉटेलातील चित्रे पाहून नव्हे.

आणि पंचवीस वर्षांचे भाकीत कोणी करावे? डिचोलीच्या लोकांना हे शिकविण्याची गरज नाही. खाणी जोरात असताना कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, पण हप्ते काही उभे राहिले नाहीत. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, ही प्रभू येशूची शिकवण संत लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात आहे. ती जशी ट्रकास लागू आहे तशी सुट्टीसही लागू आहे.

याहून गंभीर प्रकार आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात घडला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील 'रात्री' विकण्याची योजना काढली. ज्याला त्या वापरावयाच्या नसतील त्याला मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल, असे तिचे स्वरूप होते. साध्या लोकांनी ती सुट्टी म्हणून नव्हे, तर ठेव म्हणून घेतली. भांडवल-बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी' या संस्थेने २०१४ साली या योजनेस मनाई केली, आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला म्हणून पैसे घरी आले असे झाले नाही. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापर्यंत गेले. यापासून धडा एवढाच घ्यावा: सुट्टी विकणारा जर नफ्याचे वचन देऊ लागला, तर तेथून उठावे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, करार आज रात्रीच बाहेर काढून अक्षरन् अक्षर वाचावा. इंग्रजी कळत नसेल तर गावातील शिक्षकाकडून वाचून घ्यावा. संत अल्फोन्सुस लिगोरी हे नेपल्सचे नामांकित वकील होते. १७२३ साली एका मोठ्या दाव्यात एका कागदातील मजकूर त्यांच्या नजरेतून निसटला आणि ते हरले. त्यांनी वकिली सोडली, धर्मगुरू झाले, आणि आज ते पापनिवेदन ऐकणाऱ्या सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. एवढ्या विद्वानाच्या हातून जे निसटले ते आपल्या हातूनही निसटू शकेल. म्हणून दोनदा वाचावे.

युरोपातील देशांत २००८ सालच्या नियमानुसार टाइमशेअर घेणाऱ्यास चौदा दिवसांत कारण न देता करार सोडता येतो, आणि त्या दिवसांत त्याच्याकडून पैसे घेण्यासही बंदी आहे. आपल्या देशात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून आपल्या करारात किती दिवस लिहिले आहेत, हेच प्रथम शोधावे लागते. मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावे: सदस्य क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम, आणि 'आम्ही करार रद्द करीत आहो, पैसे परत करावेत' एवढेच स्पष्ट वाक्य. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी, ईमेलही करावा. फोनवरील बोलणे पुरेसे नाही. विक्रेता 'घाई करू नका, पुढच्या आठवड्यात बोलू' म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात मुदत संपते हे ध्यानात ठेवावे.

हप्ते बँकेमार्फत असतील तर बँकेसही लेखी कळवावे. परंतु न कळवता हप्ते अचानक थांबवू नयेत. चेक न वटल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो आणि कर्ज थकल्याची नोंद होऊन पुढे घरासाठी कर्ज मिळणेही कठीण होते. मुदत उलटली असली तरी सर्व मार्ग बंद होत नाहीत. करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करार मोडल्याबद्दल वाजवी तेवढीच भरपाई घेता येते. दंड म्हणून वाटेल तेवढी रक्कम गिळता येत नाही. ग्राहकांसाठी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतकेंद्र आहे. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पेडणे व डिचोलीच्या लोकांसाठी तो उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग होय. वकील असलाच पाहिजे असे नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

आणखी एका लांडग्यापासून सावध राहावे. 'तुमचे सदस्यत्व आम्ही विकून देतो, आधी एवढी रक्कम भरा' असे सांगणारे फोन येतात. जखमेवर बसणाऱ्या माशीसारखे हे लोक असतात. पैसे परत मिळवून देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्यास एक पैही देऊ नये.

येथवर आम्ही खरेदीदाराची बाजू मांडली. आता त्याच्याही कर्तव्याचे दोन शब्द. समजा, विक्रेत्याने सर्व काही खरे सांगितले होते, आपण समजून सही केली, मुदत गेली, आणि आता केवळ मन बदलले आहे. अशा वेळी 'आम्हांस फसविले' अशी खोटी तक्रार करणे हा आठव्या आज्ञेचा भंग होय. तेथे सरळ जाऊन, काही नुकसान सोसून, सामोपचाराने मोकळे होण्याचा प्रयत्न करावा. नाहीतर घेतलेल्या वस्तूचा नेटका उपयोग करावा. तसेच, आपल्या गळ्यातील धोंडा गोड बोलून शेजाऱ्याच्या वा पाहुण्याच्या गळ्यात बांधू नये. विकणाऱ्याने वस्तूचा छुपा दोष सांगितलाच पाहिजे, असा संत थॉमस अक्विनास यांचा निर्वाळा आहे. हा नियम जसा कंपनीला, तसा आपल्यालाही.

शेवटी घरातील गोष्ट. आमचा अनुभव असा आहे की या व्यवहारांत कायद्याहून मोठा अडसर असतो तो लाजेचा. नवरा म्हणतो, 'बायको काय म्हणेल?' बायको म्हणते, 'बोटीवरच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?' आणि या संकोचात मुदतीचे दिवस निघून जातात. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नी एकमेकांच्या मालमत्तेत समभागी असतात. कायद्यानेच ज्यांचा संसार एक मानला, त्यांनी हिशेब लपवून ठेवावा हे बरे नव्हे. ज्याने पैसे मिळविले त्या मुलासही सांगावे. आणि ऐकणाऱ्यांनी 'मी आधीच म्हणत होतो' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नये. दोषारोपाने एक रुपयाही परत येत नाही. एकदिलाने लिहिलेल्या एका पत्राने कधीकधी लाख परत येतात.

सुट्टी वाईट आहे असे कोणी समजू नये. परमेश्वराने स्वतःच विसाव्याचा दिवस नेमून दिला आहे आणि कष्टकऱ्यांना त्याची सर्वांत अधिक गरज असते. परंतु जो विसावा पंचवीस वर्षांची चिंता घेऊन येतो तो विसावा नव्हे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी, परक्याला शब्द देऊन अडकलेल्या माणसाला एक उपदेश केला आहे: झोपेची पर्वा न करता, अभिमान गिळून, तत्काळ जाऊन स्वतःस सोडवून घ्यावे. त्या ग्रंथाला शब्दाची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तेव्हा, वाचकहो, ज्यांच्या कपाटात असा कागद असेल त्यांनी आज रात्रीची जपमाळ झाल्यावर तो मेजावर ठेवावा, सहीची तारीख पाहावी, दिवस मोजावेत, आणि दोघांनी मिळून निर्णय घ्यावा. पवित्र आत्मा तुम्हांस सुबुद्धी देवो आणि तुमच्या कष्टाची कमाई तुमच्या घराच्या हितास लागो.